वहीत न लिहिलेला कर

सांगली,
ऑक्टोबर २०२५

चि. सौ. भाचीस,


घरखर्चाचा अंदाज बांधताना कराचा विचार बहुतेक घरांत पगाराच्या स्लिपपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. प्रत्यक्षात मात्र कर किराणा दुकानात, गॅसच्या सिलिंडरवर आणि सर्वांत अधिक पेट्रोल पंपावर भरला जातो, आणि ज्या कराचा आकडा पावतीवर दिसत नाही त्याची नोंद वहीतही होत नाही. उत्पन्नावर थेट बसणारा तो प्रत्यक्ष कर आणि वस्तूच्या किमतीत मिसळून येणारा तो अप्रत्यक्ष कर, हा भेद शाळेच्या पुस्तकात असतो. पण त्याचा घराशी असलेला संबंध संसार मांडल्यावरच कळतो. यंदाच्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतचे वार्षिक उत्पन्न, आणि पगारदारांसाठी ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त केले, हे स्वागतार्हच आहे. परंतु ज्या घरात महिन्याला २५ हजार रुपये येतात त्या घराला प्राप्तिकर आधीही लागत नव्हता, त्यामुळे या सवलतीने त्या घराच्या वहीत एक रुपयाही वाढलेला नाही. अशा घरासाठी कर म्हणजे अप्रत्यक्ष करच.

वस्तू व सेवा कर, म्हणजे ज्याला सारे जीएसटी म्हणतात तो, २२ सप्टेंबरपासून मुख्यतः ५ आणि १८ टक्के अशा दोन टप्प्यांत आला. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर, तूप आणि लोणी यांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर उतरला, वह्या-पेन्सिलींवरचा कर गेला आणि वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के करही गेला. याचा हिशेब सोपा आहे: साबण-शाम्पूसारख्या ज्या जिनसा करासह महिन्याला १,१८० रुपयांना येत होत्या, त्या आता १,०५० रुपयांना मिळायला हव्यात, म्हणजे १३० रुपये वाचले. दोन माणसांच्या घरात या जिनसांवर एवढाही खर्च होत नाही, पण वाचलेला पैसा खरा आहे आणि तो वहीत लिहिलाच पाहिजे.

आता त्याच वहीतली पेट्रोलची ओळ पाहावी. जावईबापूंचे पुण्यात हडपसरहून हिंजवडीला कामावर दुचाकीने जाऊन-येऊन ५० किलोमीटर होतात. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर ११०० किलोमीटर होतात, आणि गाडी लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर २२ लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०४ रुपयांच्या आसपासच्या दराने ही रक्कम २,३०० रुपयांच्या घरात जाते, आणि वहीत ती ‘पेट्रोल’ या एकाच शब्दापुढे लिहिली जाते. पण त्या एका शब्दात तीन वेगळे खर्च दडलेले आहेत. पहिला खर्च तेलाचा, शुद्धीकरणाचा, वाहतुकीचा आणि पंपचालकाच्या कमिशनचा. दुसरा केंद्राच्या उत्पादन शुल्काचा, जे सध्या लिटरमागे २१.९० रुपये असे ठरावीक आहे. आणि तिसरा राज्याच्या मूल्यवर्धित कराचा, म्हणजे व्हॅटचा, जो महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के असून त्यावर लिटरमागे ५.१२ रुपयांचा अधिभार आहे. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, राज्याचे २५ टक्के हे केंद्राचे शुल्क मिळवून झालेल्या किमतीवर मोजले जातात. म्हणजे करावर कर बसतो, आणि केंद्राने एक रुपया वाढवला व तो पंपावरच्या दरात उतरला की घराच्या खिशातून सव्वा रुपया जातो. सारे जमेस धरले तर लिटरमागे ४६-४७ रुपये कराचे होतात आणि २२ लिटरचे हजाराच्या थोडे वर जातात. साबणावर वाचलेले १३० रुपये एका बाजूला आणि हे हजार रुपये दुसऱ्या बाजूला ठेवले, म्हणजे घराच्या दृष्टीने मोठा कर कोणता, हे सांगावे लागत नाही. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने ८० हजार मूळ किमतीच्या गाडीमागे आठ हजार रुपये वाचतात. तेवढा कर तीच गाडी आठ महिन्यांत पेट्रोलमधून परत भरते.

पेट्रोल आणि डिझेल जीएसटीत नाहीत, ही या साऱ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट आहे, आणि तिचा परिणाम केवळ दर जास्त असण्यापुरता नाही. जीएसटीत एक व्यवस्था आहे, तिला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात: धंद्यासाठी घेतलेल्या मालावर भरलेला कर व्यापाऱ्याला पुढे भरायच्या करातून वजा करता येतो, त्यामुळे तोच कर साखळीत पुन्हा पुन्हा साचत नाही. डिझेलवरच्या कराची अशी वजावट मिळत नाही. तो वाहतूकदाराच्या खर्चात जातो, तिथून भाड्यात, भाड्यातून मालाच्या किमतीत, आणि शेवटी ज्याला पुढे कोणालाच विकायचे नाही त्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत येऊन थांबतो.

तरीही या ठिकाणी हिशेब सोडून बोलू नये. नारायणगावहून पुण्याच्या मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट घेऊन येणारा टेम्पो जाऊन-येऊन साधारण दीडशे किलोमीटर धावतो. तो लिटरला १० किलोमीटर देत असेल तर १५ लिटर डिझेल, म्हणजे सुमारे १,३६० रुपये, आणि त्यांतले सुमारे ५०० रुपये कराचे. टेम्पोत अडीच टन माल असेल तर किलोमागे डिझेलचा खर्च ५५ पैशांच्या आत आणि त्यातला कर वीस पैसे पडतो. शेतातल्या ट्रॅक्टरचे आणि यार्डापासून गल्लीपर्यंतच्या छोट्या टेम्पोचे डिझेल त्यात मिळवले, तरी जवळून येणाऱ्या भाजीत इंधनाचा भार रुपया-दीड रुपयाच्या फार पुढे जाणे अवघड आहे. म्हणून ‘डिझेल वाढलंय ताई’ असे सांगून किलोमागे दहा रुपये वाढवले जातात तेव्हा त्याचे कारण बहुधा पाऊस, आवक किंवा अडत यांत शोधावे लागते. दूरवरून येणाऱ्या मालाचे गणित वेगळे, कारण तिथे अंतरच मोठे असते. आणि प्रवासाचे तर वेगळेच, कारण तिकीट आणि मीटर एकदा चढले की खाली येत नाहीत. एसटीचे भाडे जानेवारीत १४.९५ टक्क्यांनी वाढले आणि मुंबईत रिक्षाचे किमान भाडे फेब्रुवारीपासून २३ चे २६ रुपये झाले. मार्च २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेल दोन रुपयांनी उतरले तेव्हा मात्र कोणाचेही भाडे उतरले नव्हते.

तेल जगात स्वस्त होते तेव्हा ते घरात स्वस्त का होत नाही, याचे उत्तर गेल्या दहा-अकरा वर्षांच्या आकड्यांत आहे. २०१४ मध्ये पेट्रोलवरचे केंद्रीय शुल्क लिटरमागे ९.४८ रुपये होते. तेलाचे भाव कोसळत गेले तसतसे ते वाढवले गेले आणि मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, ३२.९८ रुपयांवर पोहोचले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच आणि मे २०२२ मध्ये आठ रुपयांची कपात झाली, आणि या एप्रिलमध्ये पुन्हा दोन रुपये वाढले. ही शेवटची वाढ तेल कंपन्यांनी सोसली म्हणून पंपावरचा दर हलला नाही, पण उतरलेल्या तेलाचा लाभही त्यामुळे गिऱ्हाइकापर्यंत आला नाही. भाव चढताना गिऱ्हाइकाने सोसायचे आणि उतरताना तिजोरीने घ्यायचे, ही रीत न्यायाची नाही.

राज्यांची अडचणही समजून घ्यायला हवी. जीएसटी आल्यानंतर राज्यांच्या हाती स्वतः दर ठरवता येतील असे मोठे कर थोडेच उरले: इंधन, मद्य, मुद्रांक शुल्क. शिवाय केंद्राच्या २१.९० रुपयांतला राज्यांशी वाटून घ्यायचा मूळ उत्पादन शुल्काचा भाग लिटरमागे केवळ १.४० रुपये आहे. उरलेला सारा अतिरिक्त शुल्क आणि उपकर या नावांनी येतो, आणि त्यातून राज्यांना वाटा द्यावा लागत नाही. अशा स्थितीत कोणते राज्य आपला व्हॅट सोडील? राज्यघटनेच्या १०१ व्या दुरुस्तीने पेट्रोलियम पदार्थांना जीएसटीचे दार उघडे ठेवले असून तारीख सुचवण्याचे काम जीएसटी परिषदेवर सोपवले आहे. पण कराशिवायच्या सुमारे ५७ रुपयांवर ४० टक्के हा जीएसटीचा सर्वांत चढा दर लावला तरी कर २३ रुपयांच्या आसपास येतो, म्हणजे आजच्या निम्मा. ती तारीख का ठरत नाही, ते एवढ्यावरून ध्यानात यावे.

स्वयंपाकघरापुरते थोडे. घरगुती सिलिंडरवर ५ टक्के आणि हॉटेल-खानावळींच्या १९ किलोंच्या सिलिंडरवर १८ टक्के जीएसटी आहे. पोळी-भाजी केंद्रातल्या पोळीच्या भावात तोही असतो. फराळाच्या तळणीचे तेल मोठ्या प्रमाणावर आयात होते, आणि कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क गेल्या वर्षी सप्टेंबरात शून्यावरून २० टक्के झाले होते, ते यंदाच्या मे अखेरीस १० टक्क्यांवर आले. गेल्या दिवाळीचा तेलाचा भाव जुन्या वहीत असेलच. यंदाचा त्याशेजारी लिहावा.

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी चोपडी घालतात, तशी या घरातही नवी वही घालावी, असे मावशीच्या मनात आहे. तिच्यात पेट्रोलपुढे एकच आकडा न लिहिता लिटर, दर आणि कर असे तीन रकाने आखावेत, आणि साबण-तुपाच्या पाकिटांवरची जुनी व नवी किंमतही टिपून ठेवावी, कारण उतरलेला कर दुकानदाराने खरोखर पोहोचवला की नाही हे अन्य मार्गाने कळत नाही. जावईबापूंनी आठवड्यातून दोन दिवस कंपनीची बस धरली तर महिन्याला आठ-नऊ लिटर वाचतात; त्यांच्या सोयीचे असेल तरच. भाऊबीजेला सांगलीस येताना वही बरोबर आणावी, म्हणजे नोव्हेंबरचे रकाने दोघींना मिळून आखता येतील.

मावशी