आधीं राज्य, मग परीक्षा

परीक्षा म्हटली कीं आपल्या घरांतून एकच प्रश्न निघतो: उत्तीर्ण होणार कीं नाहीं? ती कोणाच्या दारांतून आंत जाऊन द्यावयाची, हें कोणास सुचत नाहीं; कारण आपल्याकडे बहुधा दार एकच असतें. मुलगा मुंबईचा असो कीं नागपूरचा, चार्टर्ड अकौंटंट व्हावयाचें तर संस्था एक, नियम एक, आणि मिळालेली सनद साऱ्या देशांत सारखीच चालते. ह्या संवयीमुळें अमेरिकेंत सी. पी. ए. होऊं पाहणाऱ्या मुलामुलींची, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या आईबापांची, जी फसगत होते तिजविषयीं चार शब्द लिहावे असें गेले वर्षभर मनांत होतें. निमित्त आमच्याच घरचें आहे.

माझी भाची, म्हणजे थोरल्या भावाची मुलगी, एम्. कॉम्. होऊन पुण्यांतील एका कचेरींत कामाला लागली. अमेरिकन कंपन्यांचे हिशेब येथें बसून पाहण्याचें काम ही कचेरी करते. पुढें तिचें लग्न झालें. जांवई न्यू जर्सींत नोकरीला. तेव्हां तिची तिकडे जाण्याची तयारी सुरू झाली, आणि त्याच वेळीं तिनें सी. पी. ए. होण्याचें मनावर घेतलें. मीं तीस वर्षें कॉलेजांत जमाखर्च शिकविला असल्यामुळें घरांतील आंकड्यांचा प्रत्येक प्रश्न माझ्या पुढ्यांत येऊन पडतो. त्याप्रमाणें एका शिकवणीवर्गाचें छापील पत्रक घेऊन ती माझ्याकडे आली.

"आत्या, ह्यांनीं ह्या राज्याकडे अर्ज करावयास सांगितलें आहे. तेथें परवानगी लवकर मिळते म्हणे."

"तूं त्या राज्यांत राहणार आहेस?"

"नाहीं ग."

"तेथें काम करणार आहेस?"

"नाहीं. पण परीक्षा तर सगळीकडे तीच आहे ना!"

परीक्षा सगळीकडे तीच आहे, हें खरें. ती अमेरिकेंतील सनदी हिशेबतपासनिसांची राष्ट्रीय संस्था तयार करते. २०२४ पासून तिचें स्वरूप असें आहे कीं, जमाखर्च, हिशेबतपासणी आणि कर व कायदा हे तीन विषय सर्वांना सक्तीचे, आणि आणखी तीन विषयांपैकीं एक आपल्या पसंतीचा. प्रत्येकांत ७५ गुण पडले पाहिजेत. (हे पंचाहत्तर म्हणजे शेंकडा पंचाहत्तर नव्हेत, ती त्यांची मोजण्याची एक पट्टी आहे; पण आमच्या वहिनींना हें शेवटपर्यंत पटलें नाहीं.) २०२० पासून ही परीक्षा आपल्या देशांत, मुंबईंतसुद्धां, देतां येते. एवढें ऐकलें कीं आपली मंडळी निश्चिंत होतात. परंतु कोणास परीक्षेला बसूं द्यावयाचें हें ती संस्था ठरवीत नाहीं, आणि सनदही ती देत नाहीं. हे दोन्ही अधिकार राज्यांचे. न्यू यॉर्क राज्यानें १८९६ मध्यें ह्या धंद्याचा पहिला कायदा केला आणि मग एकेका राज्यानें आपापली निराळी चूल मांडली. आज पन्नास राज्यें, राजधानीचा कोलंबिया जिल्हा, आणि पोर्तो रिको, ग्वाम, व्हर्जिन बेटें व उत्तर मारियाना बेटें मिळून ५५ मंडळें आहेत. म्हणून पुस्तक उघडण्यापूर्वींच उमेदवाराला सांगावें लागतें कीं, मी अमुक मंडळाची.

ही गोष्ट आपल्याला विचित्र वाटते. पण ती आपल्याकडेही होऊन गेली आहे. १९१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें हिशेबतपासनिसाचा दाखला प्रांतिक सरकार देत असे, आणि त्यांत दोन जाती होत्या: एक दाखला साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत चालणारा, व दुसरा त्या प्रांताच्या शिवेपर्यंतच. आमच्या आजोबांचा दाखला दुसऱ्या जातीचा होता. इंदूरच्या एका गिरणीचें काम त्यांना त्यामुळें घेतां आलें नाहीं, असें वडील सांगत. पुढें १९३२ च्या नियमांनीं ही नोंदणी हिंदुस्थान सरकारकडे गेली, आणि १९४९ च्या कायद्यानें सर्व देशाची मिळून एक संस्था झाली. आपण ती शीव पुसून टाकली. अमेरिकेनें ती ठेवली आहे. दोहोंपैकीं बरें कोणतें, हा वाद मी येथें काढीत नाहीं. मात्र ज्याला त्या देशांत धंदा करावयाचा त्यानें शीव ओळखूनच पाऊल टाकलें पाहिजे.

आतां राज्याराज्यांत फरक तो काय? पहिला शिक्षणाचा. तिकडे शिक्षण वर्षांनीं न मोजतां क्रेडिट नांवाच्या मापानें मोजतात. त्यांच्या चार वर्षांच्या पदवीचीं १२० मापें होतात, आणि सनदेला बहुतेक राज्यें १५० मागत आलीं आहेत. ही प्रथा फ्लोरिडानें १९८३ पासून प्रथम अंमलांत आणली, आणि मग तिचें लोण सगळीकडे पोहोंचलें. आपली तीन वर्षांची बी. कॉम्. ह्या तराजूंत साधारणतः ९० भरते. म्हणून नुसत्या बी. कॉम्. वाल्याचें पहिल्याच पायरीवर अडतें. एम्. कॉम्. मुळें भाचीचें पारडें जड झालें होतें. पण कित्येक राज्यें १२० वर परीक्षेला बसूं देतात आणि १५० चा हिशेब सनदेच्या वेळीं विचारतात; शिवाय त्यांत जमाखर्चाचे विषय किती आणि व्यापाराचे किती, हेंही निरनिराळें. न्यू जर्सी सनदेसाठीं दोहोंचीं चोवीस चोवीस मापें मागते. ओसरीवर बोलावून माजघराला कुलूप घालावें तसा हा प्रकार आहे. परीक्षेपुरतें राज्य निवडणाऱ्याला ह्या कुलुपाची वार्ता चार विषय उत्तीर्ण झाल्यावर लागते.

दुसरा फरक ओळख पटविण्याचा. कांहीं राज्यें अर्जांतच अमेरिकन सरकारचा सोशल सिक्युरिटीचा आंकडा मागतात. ज्यानें त्या भूमीवर पाऊल ठेवलें नाहीं त्याच्याजवळ तो कोठून असणार? ही बाब किरकोळ आहे, पण तेवढ्यावरून अर्ज परत येतात.

तिसरा फरक अनुभवाचा, आणि आमच्या घरीं खरा खल झाला तो ह्यावर. बहुतेक राज्यांना परीक्षेशिवाय एक वर्षाचा, म्हणजे सुमारें दोन हजार तासांचा, अनुभव लागतो. आणि तो खरा असल्याबद्दल सनद असलेल्या माणसाची सही लागते. कॅलिफोर्निया तर, ज्याला हिशेबतपासणीच्या अहवालावर सही करावयाची असेल त्याजकडून त्याच कामाचे ५०० तास निराळे मागते. शिकवणीवर्गाच्या पत्रकांत ह्या अनुभवासंबंधीं एक ओळ होती, आणि तीही बारीक टायपांत. त्यांचें काम परीक्षेबरोबर संपतें. त्यांना मी दोष देत नाहीं. पण आमचें काम तेथें संपत नव्हतें.

गोम अशी कीं, नोकरीच्या परवान्यावर तिकडे राहणाऱ्या माणसाच्या बायकोला सहसा स्वतः नोकरी करतां येत नाहीं. २०१५ पासून कांहीं स्त्रियांना ती मुभा मिळाली आहे. पण ती नवऱ्याचा कायम वास्तव्याचा अर्ज एका ठराविक पायरीवर पोहोंचल्यावर. आमच्या जांवयांचा अर्ज अजून दाखलही झाला नव्हता. म्हणजे भाची तिकडे जाऊन चारी विषय उत्तीर्ण झाली, तरी अनुभवाचें वर्ष सुरूच व्हावयाचें नाहीं. दोन वर्षें, चार वर्षें, किती, तें कोणी सांगावें? आणि सनद हातीं नसतां स्वतःस सी. पी. ए. म्हणवून घेणें हा तिकडे गुन्हा. उलट पुण्याच्या कचेरींत पांच महिन्यांपूर्वीं जे नवे अधिकारी तिच्यावर आले होते, त्यांच्याजवळ अमेरिकन सनद होती. तेव्हां प्रश्न उलटा झाला. कोणत्या राज्यांत परीक्षा सोपी, हा प्रश्नच नव्हे. कोणतें मंडळ पुण्यांतल्या ह्या वर्षाला वर्ष म्हणेल, हा खरा प्रश्न. आणि त्याचें उत्तर अनुकूल आलें, तर तिनें आणखी सात महिने येथेंच राहावें काय?

हें जेव्हां मीं बैठकींत मांडलें तेव्हां कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. मग विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहांत, तुम्हांला मी काय सांगणार? पण लग्नाला सहा महिने झाले. मुलगा तिकडे एकटा हातानें करून खातो. सूनबाई आणखी सात महिने येथें राहिल्या तर लोक काय म्हणतील तें सोडा, मलाच बरें वाटणार नाहीं." त्यांच्या बोलण्यांत खोंच नव्हती. त्या बाई स्वतः बी. ए. च्या शेवटच्या वर्षांत लग्न होऊन आल्या होत्या आणि तें वर्ष पुढें कधींच पुरें झालें नाहीं, हें मला मागाहून कळलें. दादा नेहमींप्रमाणें म्हणाले, "परीक्षा तिकडे जाऊन दे, बाकीचें पुढें पाहूं." वहिनी गप्प. भाची मात्र म्हणाली, "आत्या, आधीं मंडळाला पत्र लिहूं. उत्तर आल्यावाचून भांडून काय उपयोग?" माझ्या शिकविण्याचें एवढें तरी चीज झालें असें वाटून मला बरें वाटलें.

पत्रें तीन मंडळांना लिहिलीं: ज्या राज्यांत राहावयाचें त्याला, नदीपलीकडच्या न्यू यॉर्कला, आणि पत्रकांतल्या त्या "लवकर परवानगी" वाल्या राज्याला. न्यू यॉर्कचें कारण असें कीं, न्यू जर्सींत बिऱ्हाड आणि न्यू यॉर्कांत कचेरी अशी हजारों लोकांची तऱ्हा आहे, आणि सनद बघते ती बिऱ्हाडाकडे नव्हे, मुख्य कामाच्या जागेकडे. पत्रांत तीनच प्रश्न होते: हें शिक्षण पुरेल काय, परदेशांतील अनुभव अमेरिकन सनदवाल्याच्या सहीनें धरतां काय, आणि सही करणाऱ्याची सनद तुमच्याच राज्याची हवी काय. आलेलीं उत्तरें एकमेकांशीं जुळत नव्हतीं. शेवटीं तिनें कोणतें राज्य घेतलें त्याचें नांव मी मुद्दाम देत नाहीं. उद्यां तें नांव एखाद्या काढ्यासारखें घरोघर सांगितलें जाईल, आणि हा काढा एकाच्या प्रकृतीला लागू पडला म्हणून दुसऱ्याच्या पडत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, एका राज्यांतले गुण दुसऱ्या राज्यांत नेतां येतात, मग एवढी यातायात कशाला? गुण नेतां येतात, हें बरोबर. पण नवें मंडळ शिक्षण आणि अनुभव आपल्या तराजूंत पुन्हां तोलतें. एकदां सनद मिळून दहा वर्षांत चार वर्षें काम झालें असलें, म्हणजे पुष्कळ राज्यें हा तोल सैल करतात. परंतु ती सवलत सनद असलेल्याला, नुसत्या गुणपत्रिकेच्या धन्याला नव्हे. उलट, सोयीचें राज्य घेणारा प्रत्येक जण चुकतो असेंही मी म्हणत नाहीं. ज्या मुलाला पुण्यांतच राहून तिकडच्या कंपन्यांचें काम करावयाचें आहे, अमेरिकेंत दुकान मांडावयाचें नाहीं, त्यानें आपलें शिक्षण व अनुभव दोन्ही मानणारें राज्य खुशाल घ्यावें. त्याची शीव कागदावरचीच आहे.

आणखी एक. हे नियम स्थिर नाहींत. चारी विषय उरकण्याची मुदत पूर्वीं अठरा महिन्यांची असे, ती पुष्कळ राज्यांनीं तीस महिन्यांची केली. ओहायो राज्यानें २०२५ च्या जानेवारींत कायदा करून १५० मापांच्या ऐवजीं साधी पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा दुसरा मार्ग उघडला, आणि पाठोपाठ इतर राज्येंही त्या वाटेला लागलीं. तेव्हां मावसभावाच्या मुलानें चार वर्षांपूर्वीं काय केलें हें ऐकावें, पण अर्ज भरावा तो त्या मंडळाच्या त्या दिवशींच्या पत्रकावरून. आणि हा नवा मार्ग निघाल्यानें अनुभवाचें वजन वाढलें आहे, तें ज्यांना नोकरीची मुभा नाहीं अशा मुलींनीं नीट पाहावें.

भाची राहिली. जांवयांनींच आईला समजाविलें. दिवाळीला ते तीन आठवड्यांची रजा काढून आले. मुंबईस जाऊन तिनें दोन विषय दिले, दोन्ही उतरले. तिसरा पुढच्या महिन्यांत आहे. दर शनिवारीं ती कामाच्या तासांची नोंद एका वहींत करून साहेबांची सही घेते, आणि रविवारीं विहीणबाईंचा फोन येतो. पूर्वीं त्या "तिकीट कधींचें?" म्हणून विचारीत. आतां आधीं तास किती झाले तें विचारतात, आणि मग तिकिटाचें.