गच्चीवरचा सूर्य

बडोद्यातील आमच्या गच्चीवर तीन किलोवॉटची सौर पॅनेल बसली, तेव्हापासून शेजारी प्रश्न घेऊन येतात. खर्चाचे उत्तर सोपे आहे : २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एवढ्या यंत्रणेस ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवलेले आहे, आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण १२ युनिट वीज मिळते. निगा म्हणाल, तर काच तापण्यापूर्वी, सकाळीच साध्या पाण्याने धूळ धुवावी.

खरा रुसवा तिसऱ्या प्रश्नावर होतो. भर दुपारी वीज गेली, वर ऊन रखरखते आहे, मग तुमचेही पंखे का थांबतात? बॅटरी नसलेल्या यंत्रणेतील इन्व्हर्टर बाहेरचा प्रवाह खंडित होताच मुद्दाम बंद पडतो. तसे न झाले, तर गच्चीवरची वीज उलट तारांत शिरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातातील निर्जीव तार अकस्मात जिवंत होईल. बॅटरी जोडणाऱ्यांचा इन्व्हर्टरही तारांकडील वाट आधी तोडतो, मगच घरास वीज पुरवतो.

आमच्या वृद्ध मातोश्रींना त्या वेळात मी हातपंख्याने वारा घालतो. त्या कधी कुरकुरल्या, तर एवढेच सांगतो, ‘आई, खांबावर कोणाचा तरी मुलगा आहे.’