हंगामाबाहेरची गावे

समुद्रकाठच्या गावाला दोन चेहरे असतात. एक पाहुण्यांना दिसतो. दुसरा पाहायचा, तर पाहुणे निघून जाईपर्यंत थांबावे लागते. उपाहारगृहांच्या खुर्च्या एकावर एक रचून साखळीने बांधल्या जातात, रंगीत छत्र्या मिटतात, बंद दारांवर पुढल्या वसंताचा वायदा करणाऱ्या पाट्या लागतात आणि मग त्या गावात खरोखर कोण राहते, हे हळूहळू कळू लागते.

बडोद्याच्या एक सेवानिवृत्त ग्रंथपाल आणि पुण्याला नोकरी करणारा त्यांचा धाकटा भाऊ २०२४ च्या जानेवारीअखेरीस क्रोएशियाला गेले, ते काही हा दुसरा चेहरा पाहण्याच्या हेतूने नव्हे. त्या दिवसांत विमानाचे तिकीट स्वस्त होते आणि राहण्याच्या खोल्या उन्हाळ्याच्या निम्म्याहूनही कमी दरात मिळत होत्या. शिवाय ताईंची एक जुनी इच्छा होती. ग्रंथालयात नवीन पुस्तकांवर शिक्के मारताना एका पुस्तकात त्यांनी रोमन सम्राट डायोक्लेशन याच्या राजवाड्याचे चित्र पाहिले होते. त्या राजवाड्याच्या खांबांमध्ये दोरी बांधून कोणी कपडे वाळत घातले होते. सम्राटाच्या घरात धुणे कोणाचे, हा प्रश्न त्यांच्या मनात तीस वर्षे राहिला होता.

भावाच्या बॅगेच्या तळाशी एका प्लास्टिकच्या पाकिटात काही कागद होते. दापोली तालुक्यातील मुरुड येथे आजोबांचे कौलारू घर आहे. समुद्रकिनारा जवळ असल्याने तेथे पर्यटकांसाठी निवास बांधू इच्छिणारा एक गिऱ्हाईक पुढे आला होता. भावाची सही झाली होती, ताईंची राहिली होती. प्रवासात हा विषय काढायचा नाही, असे दोघांनी ठरविले होते. तरीही कागद मात्र बरोबर आले होते.

झाग्रेबला त्यांनी मोटार भाड्याने घेतली. बर्फावर चालणारे टायर, उजव्या बाजूने चालणारी वाहतूक आणि हिवाळ्यात भर दिवसाही दिवे लावून गाडी चालविण्याचा तेथील नियम या तिन्ही गोष्टींची सवय होईपर्यंत भावाने तोंडातून शब्द काढला नाही. लिका प्रांतातील पठारावर सगळीकडे बर्फ होते आणि धुके इतके, की पुढच्या गाडीचा नुसता लाल ठिपका दिसे. मग वेलेबित पर्वताच्या पोटातून गेलेला साडेपाच किलोमीटरांहून लांब बोगदा आला. त्यात शिरताना हिवाळा होता. पलीकडच्या तोंडाशी लख्ख ऊन, करड्या उघड्या टेकड्या आणि खाली ॲड्रिॲटिक समुद्र. बाहेर पडताच वाऱ्याने मोटार ढकलल्यासारखी झाली. या वाऱ्याचे नाव ‘बुरा’. हिंदी जाणणाऱ्या माणसाला हे नाव ऐकून हसू येईल. पण तेथील लोकांच्या लेखी चांगला वारा तो हाच. तो पर्वतावरून उतरतो, हवा धुऊन काढतो, आकाश निळे करतो. आग्नेयेकडून पाऊस घेऊन येणारा ‘यूगो’ हा मात्र डोके जड करणारा, कुरकुरा वारा मानला जातो.

झादर या पहिल्या शहरी बुराच वाहत होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३-४४ साली, बॉम्बहल्ल्यांनी हे शहर फार उद्ध्वस्त झाले होते. पुढे घाईने बांधलेला किनाऱ्याचा कठडा नुसता काँक्रीटचा राहिला. २००५ साली निकोला बाशिच या वास्तुविशारदाने तेथे संगमरवरी पायऱ्या बांधल्या आणि त्यांच्या पोटात ३५ नळ्या बसविल्या. लाट आत शिरते, नळीतील हवा ढकलते आणि पायऱ्यांमधून सूर निघतात. उन्हाळ्यात या पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नाही म्हणे. त्या सायंकाळी तेथे शाळेतून परतणारी दोन मुले आणि एक कुत्रा एवढेच होते. समुद्र खवळलेला असल्यामुळे वाद्य चांगलेच जोरात वाजत होते. मुले त्याकडे लक्ष न देता पायऱ्यांवर गृहपाठ उतरवून घेत होती.

शिबेनिकला ते अर्धाच दिवस थांबले. तेथील सेंट जेम्सच्या कॅथीड्रलचे बांधकाम १४३१ साली सुरू होऊन १५३५ साली संपले. ते पूर्णपणे दगडाचे आहे, अगदी छतसुद्धा. मागच्या बाजूने भिंतीवर सत्तरहून अधिक माणसांची मस्तके कोरलेली आहेत. संत किंवा राजे नव्हेत. त्या काळातील साधी माणसे. कोणी मिशाळ, कोणी रुसलेला, कोणी झोपेतून उठविल्यासारखा. ताईंनी ती एकेक करून पाहिली. मागून ढकलणारे कोणी नव्हते.

स्प्लिटचा मुक्काम मात्र लांबला. डायोक्लेशन याने इ. स. ३०५ मध्ये आपण होऊन सत्ता सोडली. रोमच्या सम्राटांमध्ये हे अपूर्वच होते. निवृत्तीसाठी त्याने आपल्या जन्मभूमीजवळ, सालोना नगरीच्या शेजारी, हा तटबंदीचा राजवाडा बांधवून घेतला होता. त्याने पुन्हा गादीवर यावे म्हणून लोक गेले, तेव्हा त्याने आपल्या हातांनी लावलेल्या कोबीची थोरवी सांगून त्यांना परत पाठविले, अशी कथा आहे. निवृत्तीनंतर घरी वेळ कसा जातो, हा प्रश्न दोन वर्षे ऐकत आलेल्या ताईंना ही कथा विशेष आवडली. पुढे सातव्या शतकात सालोना उद्ध्वस्त झाली आणि तेथील निराश्रित लोक या ओस राजवाड्यात शिरले. दालनांची घरे झाली, कमानी विटांनी बुजवून खोल्या झाल्या. ज्या सम्राटाने ख्रिस्ती धर्मीयांचा छळ केला, त्याच्याच समाधीमंदिराचे कॅथीड्रल झाले, आणि तेही त्याच्या राजवटीत मारल्या गेलेल्या बिशपच्या नावाने. सुमारे २१५ मीटर लांब व १८० मीटर रुंद अशा या वास्तूत तेव्हापासून लोक राहतात. १९७९ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हाही आत स्वयंपाक चाललेले होते.

ताई आणि भाऊ उतरले, ते या तटाच्या आतच, तिसऱ्या मजल्यावर. घरमालकीण सत्तरीची. जिन्याच्या एका बाजूला रोमन काळातील दगड आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचे मीटर. पहिल्याच सकाळी ताईंना हवे ते दृश्य दिसले. मालकीणबाई खिडकीतून वाकून दोरीवर चादरी घालीत होत्या. तीस वर्षांच्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे होते.

संध्याकाळी मालकीणबाईंनी चार्डची भाजी बटाटे आणि ऑलिव्हचे तेल घालून केली, तिला तेथे ‘ब्लिट्वा’ म्हणतात. ताई शाकाहारी असल्याचे कळल्यावर त्यांना हायसे वाटले असावे, कारण त्या दिवशी मासळी महाग होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी घराचे वर्षभराचे वेळापत्रक सांगितले. ऑक्टोबरपासून मेपर्यंत खोल्या विद्यार्थिनींना, जूनपासून पर्यटकांना. तेवढे महिने त्या स्वतः समोरच्या ब्राच बेटावर बहिणीकडे राहतात. यंदा एक विद्यार्थिनी मध्येच गेली, म्हणून ही खोली रिकामी होती.

“उन्हाळ्यात घराची आठवण येत नाही?” ताईंनी विचारले.

“येते ना. पण छपराची दुरुस्ती त्याच पैशांतून होते,” त्या म्हणाल्या आणि भाजी वाढू लागल्या.

भावाने ताईंकडे पाहिले. मुरुडच्या घराच्या शाकारणीला दरवर्षी पैसे तोच पाठवीत असे. ताईंनी ताटातून नजर वर केली नाही.

स्प्लिटहून दक्षिणेकडे जाणारा सागरी मार्ग उन्हाळ्यात वाहनांनी तुंबलेला असतो. आता तो मोकळा होता. डावीकडे बियोकोवो पर्वताच्या माथ्यावर बर्फ, उजवीकडे समुद्र, आणि मध्ये बंद हॉटेलांच्या रांगा. ही हॉटेले पाहताना मन उदास होते. जुन्या गावात थोडी तरी घरे जागी असतात; केवळ पाहुण्यांसाठी बांधलेल्या इमारतींत मात्र एकही दिवा नसतो. पुढे नेरेत्वा नदीच्या मुखाशी संत्र्यांच्या बागा लागल्या आणि मग पेल्येशाचचा पूल. किनाऱ्यावरची नेउमजवळची लहानशी पट्टी बोस्निया-हर्झगोव्हिनाची आहे. त्यामुळे पूर्वी आपल्याच देशाच्या दक्षिण टोकाला जाण्यासाठी क्रोएशियाच्या लोकांना दोनदा सीमा ओलांडावी लागे. २०२२ च्या जुलैमध्ये २४०० मीटरांहून थोडा लांब असा हा पूल खुला झाला आणि ती यातायात संपली.

पुलापलीकडे स्टोन हे गाव आहे. डुब्रॉव्हनिकच्या प्रजासत्ताकाने चौदाव्या शतकात येथे डोंगर चढून जाणारा कित्येक किलोमीटरांचा तट बांधला. सोन्यारुप्यासाठी नव्हे, मिठासाठी. ती मिठागरे आजही चालू आहेत. हिवाळ्यात मात्र खाचरांत पावसाचे पाणी साचलेले, फळकुटे भिंतीला टेकवून ठेवलेली आणि एक म्हातारा बांध लिंपीत बसलेला. कोकणातही पावसाळ्यात मिठागरे अशीच निजतात. भाऊ गाडी थांबवून बराच वेळ बांधावर उभा राहिला. बंद काळात सुद्धा हे एवढे काम असते, असे तो परतल्यावर म्हणाला.

डुब्रॉव्हनिकला ते ३१ जानेवारीच्या रात्री पोहोचले. पाऊस पडत होता आणि पावलांनी गुळगुळीत झालेला हमरस्त्याचा दगड आरशासारखा चमकत होता. बहुतेक दुकाने बंद, उपाहारगृहे बंद. मांजरे तेवढी होती. ताईंनी वर पाहून दिव्यांच्या खिडक्या मोजायला सुरुवात केली. ग्रंथपालाला मोजण्याची सवय असते. एका गल्लीत चार. पुढच्या गल्लीत एक. तटाच्या आत १९९१ च्या सुमारास काही हजार लोक राहत. आता ती संख्या दोन हजारांच्याही खाली आली आहे. घरे आहेत; पण त्यांतील पुष्कळ पाहुण्यांसाठी राखलेली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडले. तटाचा १९४० मीटरांचा फेरा हिवाळ्यात बऱ्याच कमी दरात करता येतो. वरून दिसतात ती सारी कौले. पण दोन रंगांची: काही फिकट, शेवाळलेली, बहुतेक तांबडीलाल. १९९१-९२ मध्ये या शहराला वेढा पडला होता. ६ डिसेंबर १९९१ चा मारा सर्वांत भीषण होता. त्या युद्धात जुन्या शहरातील ८२४ इमारतींपैकी सुमारे दोन-तृतीयांश इमारतींवर गोळे पडले. तांबडी कौले त्यानंतरची आहेत. लोकांनी तोफांखाली हे शहर सोडले नाही. सोडले ते नंतर, शांततेत, चांगले भाडे मिळू लागल्यावर. त्यांना दोष देणे सोपे आहे. पाणी भरण्यापासून कपाट वर चढविण्यापर्यंत सर्व काही पायऱ्यांवरून करावे लागते आणि उन्हाळ्यात दारातून बाहेर पडायला वाट नसते, हेही विसरता येत नाही. याच शहराने १३७७ साली साथीच्या गावांहून येणाऱ्यांना वेशीबाहेर तीस दिवस थांबविण्याचा कायदा केला होता. २०१९ पासून एका वेळी दोनच पर्यटक जहाजे आणि चार हजार उतारू, असा करार त्याने जहाज कंपन्यांशी केला आहे. पाहुणा दाराशी थांबवावा किती आणि आत घ्यावा किती, हा या गावाचा जुनाच प्रश्न दिसतो.

२ फेब्रुवारीला सारे बदलले. संत ब्लेज हा या शहराचा रक्षक. व्हेनिसच्या आरमाराचा डाव त्याने उघड केला, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून, म्हणजे इ. स. ९७२ पासून, त्याचा उत्सव होतो, असे शहर सांगते. जुन्या गोव्याजवळ याच संताच्या नावाचे एक चर्च आहे. उत्सवाचा दिवस ३ फेब्रुवारी, म्हणजे ऐन बिगरहंगामातला. तो जुलैत न्यावा, असे कोणाला वाटत नाही. आदल्या दिवशी पांढरी कबुतरे सोडतात. मग आसपासच्या खेड्यांतून लोक पारंपरिक वेशात, मोठमोठे ध्वज घेऊन येतात. चर्चमध्ये संताची चांदीची मूर्ती आहे. तिच्या हातात शहराची प्रतिकृती आहे, तीही १६६७ च्या भूकंपापूर्वीच्या शहराची. जे पडून गेले, तेही त्याने हातात धरून ठेवले आहे.

चर्चमध्ये रांग लागली होती. धर्मगुरू दोन मेणबत्त्या एकमेकींवर तिरक्या धरून प्रत्येकाच्या गळ्याला लावीत होता, घशाचे विकार होऊ नयेत म्हणून. आजीच्या कडेवरचे एक मूल रडू लागले, तेव्हा आजूबाजूच्या सर्वांनी त्याला नावाने हाक मारून समजाविले. पर्यटक नव्हतेच असे नाही. पण त्या दिवशी ते कडेला उभे होते.

रात्री ताईंनी पुन्हा खिडक्या मोजल्या. परवा चार होत्या, त्या गल्लीत अकरा.

“बाहेर राहायला गेलेले आले असतील उत्सवाला,” भाऊ म्हणाला.

“जुलैत आपल्या घरी कसं असतं रे?”

“मुरुडला?”

“हो. पाऊस लागल्यावर. कोण असतं आळीत?”

भावाला सांगता येईना. लहानपणी दोघेही जात ते मे महिन्यात. आंबे संपले की परत. त्यानंतरही एखाद्या सुटीत, किल्ली शेजारून मागून घेऊन, दोन दिवस. त्या घराला पावसात त्या दोघांपैकी कोणीच कधी पाहिले नव्हते.

झाग्रेबच्या विमानतळावर सामानाचे वजन वाटून घेताना प्लास्टिकचे पाकीट वर आले. ताईंनी ते मागून घेतले आणि सही न करताच आपल्या पिशवीत, स्वेटरच्या घडीखाली ठेवले. भाऊ काही बोलला नाही. विमानाला अजून दोन तास होते. तो बाकावर बसून जुलैमध्ये किती रजा शिल्लक राहील, याचा हिशेब करू लागला.