पुण्याचे दोन भाऊ

परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसास पुण्याचे नाव काढावयास काही तरी निमित्त लागते. अभनपुरास आम्हांला ते संगणकाच्या व्हायरसने दिले!

१९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात तो ठाण मांडी. गंमत अशी, की त्यात त्या बंधूंची नावे, पत्ता व दूरध्वनी क्रमांक उघड नमूद केलेले होते. इतका सभ्य उपद्रवी पुढे क्वचितच झाला असेल.

दुसरे दोन भाऊ पुण्याचे. कैलास काटकर मॅट्रिकपर्यंत शिकलेले, गणकयंत्रे दुरुस्त करणारे. धाकटे संजय संगणकशास्त्राचे विद्यार्थी. पुढे दुकानात संगणक दुरुस्तीस येऊ लागले, आणि त्यांतील कित्येकांचे दुखणे व्हायरसचेच असे. त्यावर संजयरावांनी उतारे लिहिले. १९९५ साली त्यांतूनच डॉसवर चालणारे 'क्विक हील' बाजारात आले. हे औषध मोठ्या प्रयोगशाळेत न निघता दुरुस्तीच्या दुकानात निघाले, याचे आम्हांस फार अप्रूप वाटते.

मूळची विद्या साधी. पोलीस ठाण्यात सराईत गुन्हेगारांची वही असते, तशी व्हायरसांच्या खुणांची यादी ठेवावयाची आणि प्रत्येक फाईल तिच्याशी ताडून पाहावयाची. परंतु १९९० पासून चोर वेष पालटू लागले; प्रत्येक नकलेत रूप निराळे. तेव्हा चेहऱ्याऐवजी वर्तन पाहणे आले. हा प्रोग्रॅम एकाएकी शेकडो फायलींना कुलपे का घालतो आहे? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने हेच केले, आणि किल्लीसाठी खंडणी मागितली.

मात्र वर्तनावर नजर ठेवणाऱ्यास घराच्या साऱ्या किल्ल्या द्याव्या लागतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या रखवालदार कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. चोर कोणीच नव्हता! तेव्हा आमची भक्ती आंधळी नाही.

तरीही सकाळी संगणकाची झडती चालू असता खिडकीपाशी रांग वाढते नि बडे बाबू म्हणतात, "अँटीवायरस बंद कर दीजिए, काम तो हो!", तेव्हा आम्ही ऐकत नाही. राजिमकडच्या खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्याची उभ्या आयुष्याची नोंद त्या यंत्रात आहे, आणि तिची दुसरी प्रत त्याच्या गाठोड्यात नाही. "बाबा, पाँच मिनट और," असे आम्ही सांगतो. तो मुकाट्याने ओट्यावर टेकतो.