सौंसरचे पाच आठवडे

छिंदवाड्याहून नागपूरच्या सडकेने निघावे, उमरानाल्याच्या पुढे सिल्लेवानीचा घाट उतरावा, की प्रदेशाचा रंग पालटतो. सागाचे रान मागे पडते, काळी जमीन लागते, कपाशी आणि संत्र्यांच्या बागा दिसू लागतात. आणि चहाच्या टपरीवर आपण हिंदीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मराठीत मिळते. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मुलूख मध्यप्रदेशात राहिला. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला व सौंसर त्यात गेले. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. ओसरीवरची बोली तीच आहे. वर्तमानपत्रांतून या भागाचे नाव येते ते बहुधा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पांढुर्ण्याच्या गोटमारीमुळे. ते एक असो.

आम्ही उभयता जबलपूरची. सौंसरला आमच्या ताईंचे घर व लहानशी बाग आहे. पूर्वी छिंदवाड्याहून छोट्या गाडीने डुलत डुलत जात असू. ती २०१५ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी मोठा रूळ आला. २०२४ च्या मार्गशीर्षात आम्ही मोटारीने गेलो ते पाहुणचारासाठी नव्हे. दिवाळीच्या सुमारास ताईंची कुत्री भुरी सडकेवर एका मालमोटारीखाली सापडली. मागचे दोन्ही पाय गेले. तिला उचलताना ताई घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. सत्तरी ओलांडलेली एकटी बाई, हाताला प्लॅस्टर आणि घरात अठरा किलोंचे लुळे जनावर! खरे सांगायचे तर ताईंची समजूत घालून त्या जिवाची सुटका करावी, या विचारानेच आम्ही निघालो होतो. शेजारच्या काकांनी ते बोलूनही दाखवले, "बाई, काहून जीव लावून राहिल्या? सुई देऊन द्या न!" ताईंनी त्यांना चहा दिला, उत्तर दिले नाही.

आम्हांला मात्र त्यांनी एक हकीकत सांगितली. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात भुरीला नेले तेव्हा डॉक्टरांनी चिमट्याने तिच्या मागच्या पायाचे बोट जोराने दाबले. भुरीने मान वळवून दात दाखवले आणि डॉक्टरांना आनंद झाला! पाठीच्या कण्याला मार बसला तरी खोल वेदना मेंदूपर्यंत पोचत असेल, तर मज्जारज्जू पुरता तुटलेला नाही. चालण्याची आशा धरावी. ती वेदनाही नाहीशी झाली असती तर आशा फारच थोडी. "तिनं दात दाखवले, मग मी कशी सुई देऊ?" ताई म्हणाल्या. आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही सामान आत नेले.

अशा जनावराची शुश्रूषा म्हणजे प्रेमाने गोंजारणे, अशी आमची कल्पना होती. पहिल्याच रात्री ती फिटली. कमरेखालचे भान हरपलेल्या प्राण्याला लघवी आपण होऊन होत नाही; मूत्राशय तुडुंब भरते, मग थेंब थेंब गळते, आणि पाहणाऱ्याला वाटते की होत आहे. तुंबून राहिले की आत पू होतो, मूत्रपिंडांवर जाते. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा पोटाच्या मागच्या भागावर दोन्ही बाजूंनी तळवे ठेवून, हिसका न देता, दाब वाढवत न्यावा लागतो. सौ.ला ते साधेना. भुरी कण्हत होती, पोट ताठले होते. ताई प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून सांगत होत्या, "बोटं नको, तळवा. अजून मागं." रात्री दोन वाजता धार लागली तेव्हा आम्ही तिघेही एकमेकांकडे पाहून हसलो. भुरी तर झोपलीच.

मग दिवसांना वेळापत्रक आले. दर तीन-चार तासांनी कूस पालटणे, नाहीतर हाडांच्या उंचवट्यांवर कातडी सडते. उजव्या खुब्यावर रुपयाएवढी जखम झालीच होती, ती भरायला तीन आठवडे लागले. गोधडी रोज उन्हात. सायकल चालवावी तसे पाय एकेक करून फिरवायचे, म्हणजे सांधे आखडत नाहीत. जुन्या लुगड्याचा झोळ पोटाखालून घेऊन अंगणात उभे करायचे. बागेत आंबिया बहाराची तोड चालू होती. संत्र्यांच्या राशींपाशी मजूर बाया हात थांबवून ही वरात पाहत.

सर्वांत गुण दिला तो बागेतल्या हौदाने. पहाटे हवेत गारठा असतो, पण विहिरीचे ताजे पाणी कोमट लागते. ते भुरीच्या छातीइतके भरून गडी तिला धरून उभा राही. पाणी वजन उचलते, त्यामुळे निकामी पायांनाही हालायला वाव मिळतो. मग लगेच पुसून उन्हात. दहाव्या-अकराव्या दिवशी डावा पाय पाण्यात मागे ढकलला गेला. गडी ओरडला, आम्ही धावलो, आणि अर्थातच आमच्यासमोर तिने काही केले नाही.

दत्तजयंतीला भजनी मंडळ आले. तसबिरीतल्या दत्ताभोवतीची चारही कुत्री कशी धडधाकट! खाली भुरी झोळात. सायकलवाल्याने लहान मुलाच्या सायकलीची चाके आणि नळ्या जोडून गाडा करून दिला होता; तो उंबऱ्याला अडके.

ताईंसह एका शनिवारी जवळच जामसावळीला गेलो. तेथे मारुती पिंपळाखाली निजलेला आहे. असाध्य दुखण्याची माणसे घेऊन लोक येथे येतात, राहतातही. एक म्हातारा आपल्या लुळ्या मुलाची कूस पालटत होता. ताईंनी त्याच्या हाताकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "उशी गुडघ्यांच्या मधे ठेवा." त्याने ठेवली. नवस बोलल्या की नाही, आम्ही विचारले नाही.

पाचव्या आठवड्यात झोळ हाताला हलका लागू लागला. भुरी सात-आठ पावले वेडीवाकडी टाकून बसते. कधी पंजा उलटा पडतो, खरचटतो, म्हणून मोजा चढवावा लागतो. पूर्वीसारखी ती कधी धावेल असे नागपूरकर डॉक्टर म्हणत नाहीत.

आम्ही निघालो त्या दिवशी ताईंचे प्लॅस्टर निघून आठवडा झाला होता. मोटार दारात उभी होती. निरोप घ्यायला आम्ही हाक मारली, तर मागच्या पडवीतून आवाज आला, "निघा तुम्ही. माझे हात गुंतले आहेत."