गंजाला वीकएंड नसतो!

ऑफिसात कुणाशीही गप्पा मारा, मुरबाड नाहीतर शहापूरकडचा एखादा प्लॉट निघतोच. कुणाचा स्विमिंग पूलवाला, कुणाचा नुसताच चार आंब्यांचा. आमचा दुसऱ्या प्रकारातला, मुरबाडचा. पाच दिवस एक्सेल शीट आणि शनिवारी कल्याणमार्गे थेट गवतात! जूनमध्ये पाऊस लागला की ते बघता बघता गुडघ्याला लागतं. त्याच्याशी लढायला आमच्याकडे एकच गडी, पेट्रोलवरचा ब्रश कटर.

आपण शनिवार-रविवार येणार. गंज मात्र सातही दिवस ड्युटीवर! लोखंड, हवा आणि पाणी, एवढ्यावर त्याचं भागतं. आणि इथे पावसाळ्यात पाण्याला काय तोटा? मुंबईची तहान भागवणारी तानसा, भातसा ही धरणं उगाच नाहीत शहापुरात.

ब्लेड लाल झालं तर दिसतं तरी. खरी भानगड न दिसणाऱ्या जागी असते. थ्रॉटलची केबल आतून गंजली की खटका सोडला तरी ती मागे येत नाही. म्हणजे बोट सुटलं, पण ब्लेड गरगर फिरतंच आहे! आठवडाभर हे मशीन शेजारचे काका चालवतात. मशीन आमचं, पण पाय त्यांचे. त्यामुळे तेलपाणी हा आमच्याकडे हौसेचा विषय नाही.

रविवारी निघण्याआधी वीस मिनिटं त्यासाठीच. आधी प्लगची कॅप काढायची. ब्लेड आणि गार्डला चिकटलेला ओला चोथा खरवडायचा, फडक्याने सगळं कोरडं करायचं. उघड्या लोखंडावर तेलाचा हात फिरवायचा. गिअर हेडमध्ये ग्रीस आहे ना, ते बघायचं. केबलमध्ये हलक्या ऑइलचे दोन थेंब सोडायचे आणि खटका झटकन मागे येतो का, ते चार-पाचदा तपासायचं. मग मशीन खुंटीला टांगायचं. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, ओल आतच कोंडते. महिनाभर येणं होणार नसेल तर टाकी रिकामी करा आणि उरलंसुरलं संपेपर्यंत इंजिन चालू द्या. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल शोषून घेतं.

‘स्प्रे मारला की झालं ना?’ नाही! डब्ल्यूडी-४० हे नावच मुळी ‘पाणी हटवण्याचा चाळिसावा प्रयोग’ या अर्थाचं, १९५३ सालचं. तो पाणी हटवतो, अडकलेलं सोडवतो. पण त्याचा थर पातळ. वर ग्रीस लागतंच.

काकांना यातलं काही नवीन नाही. त्यांचा कोयता कामावरून आला की पुसून, तेल लावूनच जागेवर जातो. खंडेनवमीला तर सगळी अवजारं घासूनपुसून पूजेला बसतात, तीही ऐन भातकापणीच्या तोंडावर. देवधर्म म्हणा नाहीतर अ‍ॅन्युअल सर्व्हिसिंग! आता त्यांच्या विळ्या-कोयत्याशेजारी आमच्या ब्रश कटरलाही झेंडूची माळ मिळते. केबल तपासून झाल्यावरच, अर्थात.