दोन जुनी की एक नवे

मध्यमवर्गीय मराठी घरात वस्तू बदलण्यापेक्षा तिला जोड देण्याकडे कल असतो. डोंबिवलीत शेजारची जागा विकायला निघाली की मधली भिंत पाडून दोन घरांचे एक करणारी कुटुंबे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. (मग स्वयंपाकघरे दोन होतात आणि त्यांतले एक अडगळीची खोली बनते, हा भाग निराळा.) २०१७ साली भाच्याने संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाबाबत हाच विचार मांडला तेव्हा मला नवल वाटले नाही. त्याच्याकडे २०१४ सालचे जीटीएक्स ९७० होते; तसेच आणखी एक ठाण्यात कोणी स्वस्तात विकत होते. ‘‘मामा, नव्या १०७०चे पैसे कुठून आणू?’’ हा त्याचा बिनतोड मुद्दा.

प्रश्न हौसेचा नव्हता. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या इमारतींची, पाया खणण्याआधीची चित्रे तो वास्तुविशारदांना करून देई. चित्र मुदतीत गेले नाही तर पुढचे काम दुसऱ्याकडे जाई, आणि घराचा हप्ता त्यावरच होता.

जोडीची कल्पना तशी जुनी. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीची दोन वूडू-२ कार्डे पडद्यावरच्या रेषा आलटून पालटून रेखाटत. ती कंपनी बुडाली. तिचे तंत्र घेतलेल्या एनव्हीडियाने २००४ साली ‘एसएलआय’ हे नाव पुन्हा बाजारात आणले. आता बहुधा एक चित्रचौकट एका कार्डाने काढायची, पुढची दुसऱ्याने. कर्जतला पुण्याच्या गाडीला घाटासाठी मागून इंजिने लावतात, तेव्हा ओझे एकच असते आणि ते सगळी मिळून वाहतात. इथे तसे नाही. प्रत्येक कार्डाला सगळे दृश्य आपल्या स्मृतीत पुन्हा ठेवावे लागते. चार जीबीची दोन कार्डे म्हणजे आठ जीबी नव्हेत, चारच. (त्यातही ९७०चा शेवटचा अर्धा जीबी मंद असल्याचे २०१५ साली उघड झाले होते.) शिवाय प्रत्येक खेळासाठी ही जोडी जुळवून देण्याचे काम कंपनीने करत राहायला हवे, तिचे लक्ष उडाले की दुसरे कार्ड नुसते बसून राहते. दोन ९७० मिळून २९० वॅट. १०७०ला १५० वॅट आणि आठ जीबी. खेळण्यासाठी कोणी विचारले असते, तर नवेच घे, असे मी डोळे मिटून सांगितले असते.

भाच्याचे काम मात्र वेगळे होते. त्याच्या ब्लेंडरमध्ये तेव्हा चित्राचे चौकोनी तुकडे होत आणि प्रत्येक कार्ड आपापला तुकडा उचलत असे. त्यासाठी कार्डांमध्ये पूलही लागत नाही. वेळ जवळजवळ निम्मा होतो. अट एकच: तेव्हा सगळे दृश्य प्रत्येक कार्डाच्या चार जीबीत मावणे भाग होते. त्याने जुनी कामे उघडून तपासली. दिवाणखाने मावत होते, एकेकटी इमारतही मावत होती. अडत होती ती बाग. न लावलेल्या झाडांची पाने, न बांधलेल्या भिंतींपेक्षा जड!

त्याने दुसरे ९७० घेतले. बाग वेगळी काढून नंतर चित्रावर बसवायची, असा मार्ग काढला आणि तीन वर्षे हप्ते भरले.

१ जानेवारी २०२१पासून एनव्हीडियाने एसएलआयची नवी जुळवणी देणे थांबवले. २०२२च्या ४०९०ला तर जोडणीची जागाच नाही. तरी जोडी मेली असे म्हणवत नाही. हल्ली भाषेची प्रारूपे घरच्या संगणकावर चालवणारे लोक २४ जीबीची दोन जुनी ३०९० शोधत फिरतात. प्रारूपाचे थर दोन कार्डांवर वाटून ठेवता येतात, म्हणजे इथे स्मृतीची बेरीज खरोखरच होते. भाच्याकडे एक आहे, दुसऱ्याची चौकशी चालू आहे. एकेक कार्ड ३५० वॅटचे, त्यामुळे या खेपेला त्याने आधी वायरमनला बोलावले आहे.